इच्छास्वातंत्र्य नसेल तर नीतीचं काय?

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालू असताना शेवटच्या रांगेतून एक प्रश्न आला होता. वेळ संपली होती म्हणून आपण तो पुढे ढकलला. प्रश्न असा होता: "आपण निर्णय घ्यायच्या आधीच मेंदूने तो घेतलेला असतो, असं विज्ञानाने सिद्ध केलंय म्हणतात. मग चांगलं-वाईट, शिक्षा-शाबासकी हे सगळं थोतांडच नाही का? आणि तसं असेल तर नैतिक सिद्धान्तांवर एवढी व्याख्यानं कशासाठी?" सभागृहात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, त्यामुळे आजचा सगळा वेळ त्यालाच देऊ.

यात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे का, हा एक. चांगला नैतिक सिद्धान्त कसा असावा, हा दुसरा. बहुतेक लोक पहिला प्रश्न आधी सोडवायला बसतात आणि तो सुटेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही म्हणतात. पहिला अडीच हजार वर्षं सुटलेला नाही, म्हणजे दुसरा कधीच हाती येणार नाही. आपण उलट्या दिशेने जाऊ. नीतीला नेमकं किती आणि कसलं स्वातंत्र्य लागतं, हे आधी पाहू. मग ते आपल्याकडे आहे का, हे तपासू. दुकानात जाण्याआधी यादी करावी, तसं.

चांगल्या नैतिक सिद्धान्ताकडून आपल्या काही अपेक्षा असतात. तो स्वतःशीच भांडणारा नसावा, ही तर उघड आहे. दुसरी अपेक्षा जरा नाजूक आहे. विचारपूर्वक तयार झालेल्या आपल्या नैतिक समजुतींशी त्याचा फार मोठा बेबनाव नसावा. उपयुक्ततावाद म्हणतो, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख बघा. ठीक आहे. पण चिडलेला जमाव शांत करायला एका निरपराध माणसाला फासावर दिलं आणि त्याने शंभर जीव वाचले तर? हिशेब जुळतो, पण पोटात काहीतरी कालवतं. उलट बाजूला कान्ट. त्याचा 1797 सालचा एक निबंध आहे. खुनी दारात उभा राहून तुमचा मित्र घरात आहे का म्हणून विचारतोय, तरीही खोटं बोलू नका, असं तो त्यात सांगतो. तिथेही आपण म्हणतो, अहो, काहीतरी चुकतंय. जॉन रॉल्सने 1971 मध्ये याची पद्धतच मांडली: तत्त्वाने समजुतीला दुरुस्त करायचं, समजुतीने तत्त्वाला, आणि दोन्ही एकमेकांना धरून उभी राहीपर्यंत ही ये-जा चालू ठेवायची. याबद्दल मागे बोलून झालंय, म्हणून इथे थांबत नाही.

एक अपेक्षा मात्र आपण मागे नीट पाहिली नव्हती, आणि आजच्या प्रश्नाचं मर्म तिच्यातच आहे. चांगल्या नैतिक सिद्धान्ताला सबबी ओळखता आल्या पाहिजेत. कोणती सबब खरी, कोणती अर्धी आणि कोणती पळवाट, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

एक साधी गोष्ट घ्या. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक कुंडी खाली पडली आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाचं डोकं फुटलं. कुंडी वादळाने पडली असेल, तर आपण हळहळतो, पण कुणाला बोल लावत नाही. चार वर्षांच्या मुलाने ढकलली असेल, तर मुलाला रागावतो, पण रागावण्यात 'पुन्हा असं करू नको' एवढाच भाग असतो. कुणी नेम धरून टाकली असेल, तर पोलीस. आणि चौथा प्रकार सगळ्यांत गमतीचा. सोसायटीने तीनदा सांगूनही घरमालकाने ती कठड्यावरून हलवली नाही. त्याच्या मनात कुणाला इजा करायचं नव्हतं, त्या क्षणी तर तो घरातही नव्हता, तरी आपण त्यालाच धरतो. चारही वेळा जखम तीच आहे. बदलतं ते एवढंच की, जखमेमागे असं कुणी होतं का, ज्याला कारण समजू शकत होतं आणि समजून वेगळं वागता आलं असतं.

'समजणं' आणि 'समजून वागता येणं' या दोन गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ठेवा, पुढे लागतील.

आता गॅलरीतून कोर्टात जाऊ. मुंबईतला नानावटी खटला आपल्यापैकी बहुतेकांना ऐकून माहीत आहे, चित्रपटांमुळे जरा जास्तच. 27 एप्रिल 1959. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांना पत्नीकडून कळलं की तिचे प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी संबंध आहेत. पत्नीला आणि मुलांना त्यांनी सिनेमाला सोडलं. मग ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. तिथून आहुजांच्या ऑफिसात. ते तिथे नव्हते, म्हणून त्यांच्या घरी. तिथे गोळ्या झाडल्या गेल्या आणि आहुजा मेले. नानावटी स्वतः पोलिसांकडे हजर झाले.

बचावाचा मुख्य मुद्दा होता की झटापटीत गोळ्या सुटल्या. पण आपल्या कामाचा मुद्दा दुसरा आहे. भारतीय दंडविधानाच्या कलम 300 ला एक अपवाद होता, तो आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये आहे. एखाद्याचा गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या भरात त्याच्या हातून माणूस मारला गेला, तर तो खून धरला जात नाही, त्याहून सौम्य गुन्हा धरला जातो. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे जन्मठेप झाली, आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

सर्वोच्च न्यायालयाने चिथावणीचा मुद्दा कसा तपासला ते बघण्यासारखं आहे. त्यांनी वेळ मोजला. दीडच्या सुमाराला नानावटी घरातून निघाले, चार वीसच्या सुमाराला गोळ्या सुटल्या. जवळपास तीन तास. या तीन तासांत त्यांनी बायको-मुलांच्या भविष्याचा विचार केला होता, कामं क्रमाने केली होती. म्हणजे ताबा परत यायला पुरेसा अवधी मिळाला होता, आणि तो परत आलाही होता. सबब फेटाळली.

आता न्यायालयाने काय विचारलं नाही ते पाहा. नानावटींचा स्वभाव कसा घडला, कुठल्या शिस्तीत ते वाढले, त्यांच्या मेंदूतल्या पेशी त्या दुपारी काय करत होत्या, विश्वाच्या आरंभापासूनची कारणांची साखळी या घटनेपर्यंत अखंड येते का, यातलं काहीही विचारलं नाही. विसरले म्हणून नाही. त्या प्रश्नांचं उत्तर 'हो, साखळी अखंड आहे' असं आलं असतं, तरी दहा मिनिटं आणि तीन तास यांतला फरक तसाच राहिला असता. नीतीला ज्या स्वातंत्र्याची गरज आहे ते या फरकात आहे, असं आम्हाला वाटतं.

पण वाटून भागत नाही. समोरच्या पक्षाला पूर्ण संधी देऊ.

नियतिवाद हा काही आयात केलेला विचार नाही. बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल होता, आजीवकांचा आचार्य. त्याचं म्हणणं बौद्ध ग्रंथांत आलंय ते असं की, माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही. सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव आपला ठरलेला फेरा पुरा करतो. लाप्लासने 1814 मध्ये हेच गणिताच्या भाषेत सांगितलं: विश्वातल्या प्रत्येक कणाची आजची स्थिती आणि सगळे नियम कळले, तर उद्याचं सगळं कळेल. मधल्या काळात आपल्याकडे कर्मविपाकाने जवळपास तोच पेच उभा केला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त, जे 1915 मध्ये प्रसिद्ध झालं, 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असं एक अख्खं प्रकरणच आहे. मागच्या कर्माने आजचं कर्म ठरत असेल तर 'अमुक कर' या उपदेशाला अर्थ काय, हा प्रश्न तिथे टाळलेला नाही. त्यांचं उत्तर शेवटी वेदान्तातल्या आत्म्यावर उभं आहे. तो ज्यांना मान्य आहे त्यांना ते पुरेल. आपण आज तो आधार न घेता कुठवर जाता येतं ते बघतोय.

कुणी म्हणेल, लाप्लास जुना झाला, क्वांटम भौतिकीत सगळं आधीच ठरलेलं नसतं. बरोबर. पण त्याने आपल्याला काही मिळत नाही. माझा हात फाशाच्या दानासारखा उगाच कधी इकडे, कधी तिकडे वळला, तर त्याला कुणी स्वातंत्र्य म्हणणार नाही, झटका म्हणतील.

आता तो मेंदूचा प्रयोग. याच्याविषयी इतकं अर्धवट लिहिलं जातं की जरा तपशिलात जाऊ.

1965 मध्ये कोर्नह्युबर आणि डेके या जर्मन संशोधकांच्या लक्षात आलं की माणूस आपणहून बोट हलवतो तेव्हा हालचालीच्या आधी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडवर विजेचा एक हळूहळू चढणारा संदेश दिसतो. मग अमेरिकेत बेंजामिन लिबेट यांनी विचारलं, हा चढ सुरू होतो कधी, आणि माणसाला 'आता हलवावं' असं वाटतं कधी? 1983 मध्ये त्यांचा निष्कर्ष आला. प्रयोगात माणसाने स्वस्थ बसायचं, मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं. समोर घड्याळाच्या तबकडीवर एक ठिपका फिरत असतो, अडीच सेकंदांत एक फेरा. इच्छा झाली त्या क्षणी ठिपका कुठे होता, तेवढं लक्षात ठेवायचं. उत्तर असं आलं: हालचालीच्या सुमारे 200 मिलिसेकंद आधी इच्छेची जाणीव होते, पण मेंदूतला चढ सुमारे 550 मिलिसेकंद आधीच सुरू झालेला असतो. म्हणजे मेंदू आधी, 'मी' नंतर. 2008 मध्ये जर्मनीत एमआरआय वापरून याच्या पुढचा प्रयोग झाला. त्यात माणूस डावं बटण दाबणार की उजवं, याचा अंदाज काही सेकंद आधी बांधता येतो असं दिसलं. बातमी एवढीच छापून आली. तो अंदाज साधारण 60 टक्के वेळा बरोबर येत होता, हे बातमीत खाली कुठेतरी होतं. नाणं उडवून सांगितलं तरी 50 टक्के बरोबर येतंच.

लिबेट स्वतः इच्छास्वातंत्र्य नाकारणारे नव्हते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यांचं म्हणणं होतं की जाणीव झाल्यावर हालचाल रोखायला थोडा अवकाश उरतो, तिथे स्वातंत्र्य आहे. मग 2012 मध्ये आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चढाचा अर्थच बदलणारी मांडणी केली. मेंदूत सतत बारीक खालीवर चालूच असते. 'केव्हाही हलवा' असं सांगितलेल्या माणसाकडे अमुकच क्षणी हलवायला काही कारण नसतं. मग ही खालीवर योगायोगाने एका उंबरठ्यावर पोहोचते तेव्हा हात हलतो. अशा शेकडो हालचालींची हालचालीच्या क्षणापासून मागे मोजून सरासरी काढली, की चढ आपोआप दिसतो. तो 'निर्णय झाल्याचा' पुरावा आहे असं मानायची गरज राहत नाही. वाद अजून चालू आहे. पण 'विज्ञानाने सिद्ध केलंय' हे वाक्य आता कुणी बोलू नये, एवढं तरी म्हणता येतं.

आम्हाला याहून मोठी अडचण दुसरीच वाटते. या प्रयोगात मुद्दाम अशी कृती निवडली आहे जिच्यामागे काही कारण नाही. मनगट आता हलवलं काय नि दोन सेकंदांनी हलवलं काय, कुणाचं काय जातं? नैतिक निर्णय असे नसतात. आईला वृद्धाश्रमात ठेवायचं का, ऑफिसातला घोटाळा वर कळवायचा का, हे लोक आठवडेच्या आठवडे डोक्यात घोळवत असतात, चार जणांशी बोलतात, रात्री जागतात. नानावटींच्या तीन तासांतला नैतिक भाग बोट चापावर आलं त्या अर्ध्या सेकंदात नव्हता. तो जहाजाच्या वाटेवर होता. तिथे परत फिरायची कारणं त्यांच्यासमोर होती, आणि ती त्यांना कळत होती. आता या विचार करण्यामागेही मेंदूच आहे ना? आहेच. विचार मेंदूत होतो म्हणून तो आपला नाही, असं म्हणणं म्हणजे अन्न पोटात पचतं म्हणून जेवलो मी नाहीच, असं म्हणण्यासारखं आहे.

इथपर्यंत आल्यावर बरेच व्याख्याते टाळ्या घेऊन बसतात. नियतीही आहे आणि जबाबदारीही आहे, दोन्ही एकत्र नांदतात, विषय संपला. आम्हाला तसं करता येत नाही, कारण एक प्रश्न अजून उरलाय आणि तो सगळ्यांत अवघड आहे. कारणं समजून त्याप्रमाणे वागायची ही क्षमता माझ्यात आली कुठून?

2003 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका रुग्णाची हकीगत प्रसिद्ध झाली. चाळिशीचा शिक्षक, आधी असं कधी नव्हतं, आणि अचानक त्याला लहान मुलांविषयी लैंगिक ओढ वाटू लागली. त्याच्या हातून गैरवर्तन झालं, तो दोषी ठरला. शिक्षा सुनावण्याच्या आदल्या दिवशी डोकं असह्य दुखतंय म्हणून तो इस्पितळात गेला. मेंदूच्या पुढच्या भागात, डोळ्यांच्या वर, मोठी गाठ सापडली. ती काढली, ओढ गेली. काही महिन्यांनी ओढ परत आली. तपासलं तर गाठ परत वाढलेली. पुन्हा काढली, पुन्हा ओढ गेली.

यात महत्त्वाचा तपशील असा की, आपण करतोय ते वाईट आहे हे त्या माणसाला सगळा वेळ कळत होतं. 'समजणं' शाबूत होतं, 'समजून वागता येणं' गेलं होतं. आता आपल्या कायद्याकडे या. मनोरुग्णतेचा बचाव दंडविधानाच्या कलम 84 मध्ये होता, आता न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे, आणि त्याचं मूळ इंग्लंडमधल्या 1843 सालच्या मॅकनॉटन नियमांशी जुळतं. तिथे विचारलं जातं ते इतकंच: आपण काय करतोय हे, किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे हे, त्याला कळत होतं का? म्हणजे फक्त समजण्याविषयी. ताबा होता का, हे ते कलम विचारत नाही. या शिक्षकाला त्याचा आधार मिळाला नसता. आणि आता मघाचा चिथावणीचा अपवाद आठवा. तिथे ताबा सुटणं ही सवलत आहे, पण कशाने सुटलेला? रागाने! म्हणजे संतापाने ताबा गेला तर कायदा ऐकून घेतो, मेंदूतल्या गाठीने गेला तर 'तुला कळत होतं ना?' एवढंच विचारतो. दोन्हीकडे सवलत सारखी नाही हे खरं, चिथावणीत गुन्हा फक्त सौम्य होतो. पण एका सिद्धान्ताने दोन ठिकाणी दोन मापं लावली की त्याला सुसंगत म्हणता येत नाही, ही तर आपली पहिलीच अपेक्षा होती.

पण खरा काटा पुढे आहे. गाठ दिसली की आपण लगेच म्हणतो, बिचारा. मग ज्या पोराने जन्मापासून मारच खाल्ला, ज्याला कुणी शब्दाने समजावलंच नाही, ज्याच्यावर दारूच्या वासात वाढायची वेळ आली, त्याचं काय? त्याच्या स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही एवढंच. त्याने ते बालपण निवडलं होतं? आणि मग आपलं काय? आपला संयम, आपली शहाणीव हीसुद्धा कुणीतरी दिलेलीच. तत्त्वज्ञ गेलन स्ट्रॉसन यांचा युक्तिवाद नेमका हा आहे: जे करतो ते मी जसा आहे त्यामुळे करतो. शेवटपर्यंत जबाबदार ठरायचं तर मी 'जसा आहे' त्यालाही मीच जबाबदार असलो पाहिजे. पण स्वतःला मुळापासून घडवायला आधी कुणीतरी 'स्वतः' असावा लागतो. हे चक्र कुठेच थांबत नाही.

या युक्तिवादाला आम्हाला खोड सापडलेली नाही, आणि सापडल्याचा आव आणणं बरं दिसणार नाही. मात्र त्यातून काय निघतं आणि काय निघत नाही, हे नीट पाहायला हवं. जबाबदार धरणं यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे जाब विचारणं: तुला कळत होतं, तुला वेगळं वागता येत होतं, मग हे का केलंस, आता भरपाई कर, पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था कर. दुसरी म्हणजे भोगायला लावणं: त्याला यातना झाल्या पाहिजेत, त्यातून कुणाचं काही भलं होवो न होवो, कारण तो त्याच लायकीचा आहे. पहिल्या गोष्टीला मघाची क्षमता पुरते. ती कुठून आली याने फरक पडत नाही, ती आहे का आणि किती आहे याने पडतो. उलट जाब विचारण्यानेच ती वाढते. आपण मुलांना रागावतो ते याच भरवशावर. दुसऱ्या गोष्टीला मात्र मुळापासूनची जबाबदारी लागते, आणि तीच तर कुणाकडे नाही. कान्टने 1797 मध्येच लिहून ठेवलंय की, एखाद्या बेटावरचे लोक समाज मोडून पांगायचं ठरवत असतील, तर निघण्यापूर्वी त्यांनी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्यालाही फाशी द्यावी. त्या फाशीने कुणाचं रक्षण होणार नाही, कुणाला धडा मिळणार नाही. ती निव्वळ लायकीपोटी द्यायची. इच्छास्वातंत्र्याच्या चर्चेत नीतीचा काही भाग खरोखर कोसळत असेल, तर तो हा.

ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलंय त्यांना हे ऐकवणं सोपं नाही, याची आम्हाला कल्पना आहे. त्यांचा राग चुकीचा आहे असं इथे कुणी म्हणत नाही. झालं ते वाईट होतं, ते करणाऱ्याला कळत होतं, आणि समाजाने ते मोठ्याने म्हणायला हवं, हे त्या रागाचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. प्रश्न त्याच्या पुढच्या पायरीचा आहे.

ही चर्चा हवेतली वाटत असेल तर फाशीच्या निकालांकडे पाहा. 1980 च्या बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी वैध ठरवली, पण दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणापुरती. शिवाय न्यायाधीशाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघावा, आणि तो सुधारणार नाही हे दाखवायचं काम सरकारचं, असं सांगितलं. पुढची चाळीस वर्षं हे पुष्कळदा कागदावरच राहिलं. आरोपीच्या आयुष्याबद्दल न्यायालयापुढे काही येतच नसे. कोण आणणार? 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती खटल्याच्या टप्प्यावरच गोळा करायला सांगितली: कौटुंबिक पार्श्वभूमी, शिक्षण, आर्थिक स्थिती, मानसिक तपासणीचा अहवाल, तुरुंगातलं वर्तन. त्या प्रकरणातल्या तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. गॅलरीतल्या कुंडीबद्दल आपण जे विचारलं तेच इथे विचारलं जातंय, फक्त उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून आहे.

आणि ही माहिती कुणाची आधीच आपल्यासमोर असते, कुणाची शोधावी लागते, हेही बघा. नानावटींची परिस्थिती अख्ख्या मुंबईला पाठ होती. गणवेशातला देखणा अधिकारी, फसवला गेलेला नवरा. त्यांच्या बाजूने वर्तमानपत्रं उभी राहिली, आणि शेवटी 1964 मध्ये त्यांना माफीही मिळाली. ती मिळू नये होती असं नाही. पण पाकीट मारणाऱ्या पोराला गर्दी धरते तेव्हा त्याचे तीन तास कोण मोजतं? आपल्या माणसाची चूक झाली की आपण परिस्थिती सांगतो, परक्याची झाली की त्याची जात, त्याची वृत्ती, त्याचे संस्कार. नियतीचा वापर उलटाही होतो. गरिबाचं दारिद्र्य हे त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्माचं फळ, असं म्हटलं की समाजाला त्याची जबाबदारी घ्यावी लागत नाही. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वकर्माच्या कल्पनेवर नेमका हा आक्षेप घेतलाय. स्वतःला हवं तेव्हा स्वातंत्र्य आणि दुसऱ्याला हवी तेव्हा नियती वाटणारा सिद्धान्त कितीही आध्यात्मिक भाषेत आला, तरी सबबींच्या परीक्षेत तो नापास आहे.

तर प्रश्न विचारणाऱ्यांना आमचं उत्तर: थोतांड नाही. शिक्षेतला सूड तेवढा अडचणीत येतो, जाब विचारणं येत नाही.

पण तुम्ही शिक्षेबरोबर शाबासकीही म्हणाला होता, आणि तिथे आम्ही अजून चाचपडतोय. दोष मुळापासून आपला नसेल तर श्रेयही नाही, हे ओघाने आलंच. मग जिद्दीने शिकून वर आलेल्या मुलीला काय सांगायचं? जिद्दही तुला मिळालेलीच, असं? हे तिच्या तोंडावर म्हणायला जीभ रेटत नाही, आणि जीभ का रेटत नाही हे केवळ संकोचाने की त्यात काही खरं कारण आहे, तो पुढच्या वेळचा विषय. आता प्रश्न घेऊ.